मूठ आरशासारखी झाली, पण मटण कापताना हातात फिरते. कुठलं पॉलिश मारू?

मोहोळच्या एका भावांचा प्रश्न आहे, थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून त्यांनी सुरी बनवली, शिसमची मूठ बसवली, २००० नंबरच्या वॉटर पेपरपर्यंत घासली, वरून पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेनच्या चकचकीत पॉलिशचे, पाच हात मारले. घरात सगळ्यांनी कौतुक केलं आणि पहिल्याच रविवारी मटण करताना मूठ हातात फिरली, तर्जनीला दोन टाके पडले. आता विचारतायत की चमकही राहील आणि पकडही येईल असं पॉलिश कुठलं, का सरळ सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळून टाकू.

आधी बोट सांभाळा ओ, टाके निघेपर्यंत सुरीला हात लावू नका. आणि रबर तर अजिबात गुंडाळू नका. त्याच्या खाली पाणी आणि चरबी जाऊन बसते, महिन्याभरात वास मारायला लागतो, आतून पातं गंजतं आणि लाकूड कुजतं, वरून काहीच दिसत नाही.

आता तुमच्या लिहिण्यातला एक शब्द मला महत्त्वाचा वाटला. तुम्ही "सटकली" नाही लिहिलं, "फिरली" लिहिलंय. लोक दोन्हीला एकच समजतात पण हे दोन वेगळे आजार आहेत. मूठ हातात फिरते तेव्हा आकार चुकलेला असतो. मूठ पुढे-मागे सरकते तेव्हा वरचा पृष्ठभाग चुकलेला असतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मूठ जवळजवळ गोल दिसतेय, लाटण्यासारखी, त्यामुळं तुमच्याकडे दोन्ही झालंय असं मला वाटतं. नुसतं पॉलिश बदललंत तर अर्धाच आजार जाईल.

हे मी शहाणपणानं नाही, मार खाऊन शिकलोय. आमच्या वडिलांचं यंत्रमागाच्या सामानाच्या दुरुस्तीचं दुकान होतं, सोलापुरात तेव्हा गल्लोगल्ली माग चालायचे. लाकडी धोटे, म्हणजे मागावर सूत इकडून तिकडे नेणारे, यायचे दुरुस्तीला, आणि धोट्याचा नियम एकच, जितका गुळगुळीत तितका चांगला, कारण एक बारीक कुस जरी उभी राहिली तरी सूत अडकतं आणि कापडाला दोष येतो. वडील धोटा घासून झाला की गालावर फिरवून बघायचे. मला ती सवय लहानपणापासून लागली, आणि सुऱ्यांचं काम सुरू केलं तेव्हा मी प्रत्येक मुठीचा धोटाच करून ठेवला की! माझी पहिली विकलेली सुरी आठ दिवसांत परत आली. गिऱ्हाईक मटणवाला होता, काही बोलला नाही, माझ्या हाताला तेलाचं बोट लावलं, सुरी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, धरा बघू. मला धरता आली नाही.

गंमत अशी की कोरड्या हाताला चकचकीत मूठच जास्त चिकटते. दुकानात हातात घेतली की वाटतं काय पकड आहे, कारण गुळगुळीत पृष्ठभागाला कातडी सगळीकडून टेकते. पण मध्ये पाण्याचा नाहीतर चरबीचा पातळ थर आला की त्याला निसटून जायला जागाच नसते, हात त्या थरावर तरंगतो. झिजलेल्या टायरचं पावसात होतं तेच. पृष्ठभागाला थोडी खरखर असली, लाकडाची छिद्रं उघडी असली, की ओल तिथं जाऊन बसते आणि कातडीला खरं लाकूड लागतं. म्हणून मूठ कधीही कोरड्या हातानं पारखायची नाही. मी आता प्रत्येक मूठ तशीच तपासतो, पात्याला जाड फडकं चार वेढे देऊन बांधायचं, हाताला साबणाचं पाणी आणि दोन थेंब शेंगतेल लावायचं, मग दुसऱ्या कुणाला तरी पातं धरून आधी पिळायला आणि मग ओढायला सांगायचं. काय बिघडलंय ते लगेच कळतं.

आता आकार. मुठीचा काप अंड्यासारखा लांबट हवा, खालच्या बाजूला, म्हणजे धारेकडे, थोडा निमुळता. त्यामुळं न बघता हाताला कळतं की धार कुठं आहे. माझ्या स्वैपाकघरातल्या सुऱ्यांची मूठ लांबीला ११५ ते १२० मिलीमीटर असते, जाडी पुढं पात्याजवळ १६-१७, मध्ये तळव्यात भरते तिथं २०-२२, आणि मागं टोकाला खाली किंचित चोच काढलेली, करंगळी अडकण्यापुरती. पण हे माझे आकडे झाले, हात प्रत्येकाचा वेगळा. आमच्या घरात आईला माझी सुरी जाड वाटते. त्यामुळं कागदावर माप घेण्यापेक्षा कणीक घ्या, घट्ट मळलेली, मुठीवर जाडसर थापा, ओल्या हातानं नेहमीसारखी सुरी धरून कापायचा हावभाव करा आणि हात सोडा. कुठं बोटं रुतली, कुठं पोकळी राहिली, सगळं छापून मिळतं. पण त्या ठशांवरून प्रत्येक बोटाला वेगळी खाच पाडत बसू नका, नवखे लोक हमखास ते करतात. खाचा एकाच हाताला आणि एकाच पकडीला बसतात, आणि कांदा चिरताना आपण सुरी धरतो ती हाड तोडताना धरत नाही. पुढच्या बोटाला एक उतार आणि मागं चोच, बास.

तुमची मूठ आत्ताच बसलेली आहे म्हणून सांगतो, दोन्ही बाजूंनी दीड-दोन मिलीमीटर उतरवून लांबट करता येईल. पण आधी पिना बघा, म्हणजे लाकूड पात्याला धरून ठेवणारे खिळे. पिना आरपार सरळ गजाच्या असतील तर बिनधास्त कानस मारा. डोकं ठोकून फुलवलेले रिव्हेट असतील तर डोकं घासलं जाईल आणि मूठ नुसत्या अरल्डाइटवर, म्हणजे इपॉक्सी गोंदावर राहील, मग ती उकलून नव्यानंच करावी लागेल. पीयू काढायला हीट गन लावू नका, साधं इपॉक्सी ६०-७० डिग्रीला मऊ पडायला लागतं. आपल्याकडे मे महिन्यात उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या सुरीची मूठ ढिली झालेली मी बघितलीय, तर हीट गनचं काय घेऊन बसलात. सुतार जुनं पॉलिश काढायला काचेचा ताजा तुटलेला तुकडा वापरतात, तसा खरवडा, हातात जाड मोजा घालून. आणि पात्यावर आधी कापडी टेपचे दोन-तीन थर, नाहीतर दुसरं बोट जाईल.

बेल्ट ग्राइंडरवर घासणार असाल तर पिनांशी जपून. पितळ पटकन तापतं, पिनेभोवती लाकडावर काळं कडं उमटतं आणि खालचं इपॉक्सी सुटतं. दोन सेकंद टेकवा, उचला, बोट लावून बघा. बोटाला चटका म्हणजे लाकडालाही चटका. बफावर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, नेऊ नका, बफिंग सोपचा काळा मळ शिसमच्या छिद्रात एकदा बसला की निघत नाही.

घासायचं किती? इथं बरेच लोक ऐकत नाहीत. ८० नंबरच्या पेपरनं आकार, मग १२०, २२०, ३२० आणि फार तर ४००. तिथं थांबायचं. प्रत्येक नंबरला दिशा थोडी बदला म्हणजे आधीच्या नंबरचे ओरखडे आडवे दिसतात, ते गेल्याशिवाय पुढं जाऊ नका. शेवटचा हात मात्र रेषेच्या दिशेनंच. पण घासण्याच्या नंबरपेक्षाही महत्त्वाचं काम म्हणजे कुस उभी करून कापणं. २२० झालं की ओलं फडकं मुठीवर फिरवा आणि वाळू द्या, आपल्या हवेत अर्ध्या तासात वाळते. आता हात फिरवा, मांजराच्या जिभेसारखं लागेल. ते दाबलेले तंतू पाणी पिऊन उभे राहिलेत. हलक्या हातानं ३२० मारून ते कापा, परत ओलं करा, परत वाळवा. तिसऱ्या वेळेला कुस उठायची जवळजवळ थांबते. हे केलं नाही तर तुम्ही २००० नाही ५००० मारा, पहिल्यांदा भांड्यात धुतली की मूठ खरबरीत होणार, आणि ती खरबर पकडीची नसते, टोचणारी असते. मी आधी हा टप्पा गाळायचो आणि मग पॉलिशला शिव्या द्यायचो.

मग ४०० ला थांबलं तर दिसायला कसं दिसणार, असं विचाराल. तुम्हाला जे आवडलंय ते शिसमच्या त्या काळ्या-तांबूस रेषा खोल दिसतात ते, बरोबर? तो उठाव आहे. उठाव तेलानं येतो. चमक वरच्या थरानं येते. तेल आत मुरलं की रेषा तितक्याच खोल दिसतात आणि वर काचेसारखा थर नसतोच. फरक एवढाच की ट्यूबलाइट मुठीत दिसत नाही. ज्याला झळाळीच पाहिजे त्यानं ती पितळी पिनांवर आणि मुठीच्या कडेला दिसणाऱ्या पात्याच्या पट्टीवर आणावी, तिथं हातानं बारीक पेपरपट्टी फिरवून १००० पर्यंत जा. मंद लाकडात चमकणारं पितळ जेवढं उठून दिसतं तेवढं चमकणाऱ्या लाकडात दिसत नाही, हे माझं मत, गिऱ्हाइकांचंही तेच झालंय.

पीयू वाईट आहे असं नाही. शोकेसमध्ये ठेवायच्या खंजिराला मी तोच मारतो. पण रोज धुवायच्या सुरीला पिनेच्या कडेला तो आधी तडकतो, तिथून पाणी आत जातं आणि पांढरे डाग पडतात. चपडी लाखेचं पॉलिश दिसायला सगळ्यात सुंदर, पण गरम पाण्यानं मऊ पडतं आणि पांढरं होतं, स्वैपाकघरात त्याचं काम नाही. फेविक्विकचे थर देऊन केलेली मूठ म्हणजे तर प्लास्टिकच.

तेल कुठलं? शेंगतेल लावू नका, आपल्याकडे घरात डबाच असतो म्हणून लोक तेच लावतात. ते आणि खोबरेल सुकत नाही, चिकट राहतं आणि खवट होतं. एरंडेलाचंही तसंच. सुकणारं तेल पाहिजे, म्हणजे हवा लागून घट्ट होणारं. जवसाचं पहिलं. डब्यातलं बॉइल्ड लवकर सुकतं पण त्यात सुकवण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, म्हणून खाण्याच्या सुरीला मी घाण्याचं साधं जवसतेल वापरतो आणि धीर धरतो. दुसरं आपल्या जिल्ह्याचंच, करडईचं. जवसापेक्षा हळू सुकतं पण पिवळं कमी पडतं, चित्रकारांच्या पांढऱ्या रंगात ते त्याचसाठी वापरतात. बाभळीसारख्या किंवा फिकट लाकडाला मी करडईच लावतो. घाण्याचं घ्या. पहिला हात टर्पेंटाइनमध्ये निम्मं पातळ करून, वीस मिनिटांनी वरचं सगळं पुसून टाका, अगदी कोरडं वाटेपर्यंत. जाड थर ठेवला की वरून साय धरते आणि खाली ओलंच राहतं. दिवसाआड एक असे चार-पाच हात, मग दोन-तीन आठवडे उजेडाच्या, वारं लागेल अशा जागी टांगून ठेवा, पण थेट उन्हात नको, लाकूड तडकेल. वरून मधमाशीच्या मेणाचा अगदी पुसट हात चालतो, पण उन्हाळ्यात हाताला चिकचिक करतं, मी आता सोडलंय.

आणि ती तेलाची फडकी. हे मात्र नीट वाचा. जवसतेल सुकताना स्वतः गरम होतं. एका एप्रिलमध्ये मी चार फडकी चुरगाळून प्लास्टिकच्या बादलीत टाकली आणि जेवायला घरी गेलो. तासाभरानं येऊन शटर उघडलं तर खमंग जळका वास, बादलीचा तळ वितळून वाकलेला आणि मधलं फडकं कोळशासारखं काळं. शेजारीच थिनरचा डबा होता. तेव्हापासून फडकं एकतर दोरीवर एकेरी पसरून वाळवायचं नाहीतर पाण्यात बुडवून ठेवायचं, चुरगाळून कुठंच टाकायचं नाही.

लाकडाबद्दल थोडं. शिसम चांगलंच आहे, पण भुशानं शिंका येतात, काहींना अंगावर पुरळ येतं, मास्क लावा. सागवान लोकांना हलकं वाटतं पण पकडीला मस्त, त्यातले मऊ भाग पितळी तारेच्या ब्रशनं रेषेच्या दिशेनं घासले की निघून जातात आणि कडक रेषा वर राहतात, दिसतंही छान. शिसमवर हा ब्रश मारून काही होत नाही, त्याचा पोत सगळीकडे सारखा असतो. सागवान चिकटवण्याआधी मात्र थिनरनं पुसा, त्याच्या अंगच्या तेलामुळं इपॉक्सी धरत नाही. बाभूळ आणि चिंचेचा गाभा हे आपल्याकडचं खरं सोनं, खाटकाचा ओंडका चिंचेचा असतो तो उगाच नाही. फक्त चांगलं वाळलेलं पाहिजे, कापल्या कापल्या टोकांना मेण नाहीतर ऑइलपेंट फासून सावलीत ठेवा, नाहीतर आपली कोरडी हवा त्याला आठ दिवसांत उभं चिरते. म्हशीच्या शिंगाची मूठ दिसते राजेशाही पण ओली झाली की साबणाची वडी. सांबरशिंग घेऊन येणारे अजूनही भेटतात, झाडाखाली पडलेलं सापडलं म्हणतात. मी हात लावत नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या भानगडीत सुरीपायी कोण पडणार.

हवामानाचा एक मुद्दा पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून कळत नाही. पावसाळ्यात बसवलेली लाकडी मूठ मे महिन्यात आकसते आणि मधली पात्याची पट्टी दोन्ही बाजूंनी केसभर वर येते, हाताला टोचते. म्हणून मी लाकडी मुठी शक्यतो एप्रिल-मेमध्ये बसवतो. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्टीच्या किंचित वर आलं तरी हाताला लागत नाही. तुमची आता टोचत असेल तर उन्हाळ्यातच पट्टी आणि लाकूड एकसारखं करून घ्या.

खरं सांगायचं तर ज्याला रोज मटण-मासळी कापायचीय त्याला मी लाकूड सुचवतच नाही. मिकार्टा करा, म्हणजे कापडाचे थर इपॉक्सीसारख्या रेझिनमध्ये दाबून केलेली फळी. मोटार रिवाइंडिंगवाल्यांकडे कापडी हायलमची शीट मिळते तीही याच जातीची. पण घरी करायची तर आपल्या गावात कापडाला काय तोटा! मी जुन्या सोलापुरी चादरीची केलीय. खूप धुतलेली, विरलेली चादर घ्या, एका बाजूला दहा-बारा पट्ट्या पुरतात. प्रत्येक पट्टी इपॉक्सीत पूर्ण भिजवून, हवा बोटानं दाबून काढून, प्लास्टिकच्या कागदात दोन फळ्यांमध्ये शिकंजात (क्लॅम्पमध्ये) आवळून चोवीस तास. टॉवेलची करून बघितली होती, फसली, त्याच्या फुलांत हवा अडकते आणि घासल्यावर भोकंच भोकं. चादरीची मात्र जॅकार्डची नक्षी असल्यानं मूठ गोलावली की रंगांचे थर नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे दिसतात, लाल-काळी चादर असेल तर बघतच राहाल. तिला २२० ला थांबवा, फार तर ३२०, आणि वर काहीही लावू नका. कापडाचे धागे वर उघडे राहतात आणि हात ओला झाला की पकड उलट वाढते. हीच मूठ २००० पर्यंत पॉलिश केलीत की परत प्लास्टिक. भुसा नाकात जाऊ देऊ नका, पाणी लावून घासा. काचेच्या धाग्यांच्या इपॉक्सी शीटचं तर मास्कशिवाय नावच काढू नका.

खाचा, चौकडी वगैरे पाडू का असंही लोक विचारतात. शेतातल्या, रानातल्या सुरीला पाडा, मजा येते. मटणाच्या सुरीला नको, खाचेत चरबी बसते आणि ती ब्रशनंही निघत नाही.

तुमच्या सुरीचं मी असं करेन: पीयू काचेनं खरवडायचा, पिना सरळ असतील तर बाजू उतरवून लांबट आकार, मागं चोच काढण्याइतकं लाकूड उरत असेल तर चोच, ४०० पर्यंत घासणं, मध्ये तीनदा ओलं करणं, जवसाचे चार हात, आणि मग तेलाच्या हातानं पिळून-ओढून बघणं. तरीही सरकली तर ४०० च्या जागी २२० ला परत या, लाजायचं काही नाही त्यात. भांडी घासणाऱ्या मावशींना सांगून ठेवा की ही सुरी टबात भिजत टाकायची नाही. आणि मूठ सुकत टांगलेली असेल तेवढे आठवडे पात्यावर तेलाचं बोट फिरवत राहा, कमानपाट्याचं पोलाद आहे, दोन दिवसांत तांबडं पडेल.